पाणी कुठं मुरलं?

आमच्या पारनेर तालुक्यात विहिरी खोदण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला जमिनीच्या पोटातले थर तोंडपाठ असतात. वर हातभर माती, कधी तेवढीही नाही. तिच्याखाली मुरूम. मग काळा पाषाण. त्याला सुरुंगाशिवाय इलाज नाही. पाषाण संपला आणि नशीब असलं तर मांजऱ्या लागतो, म्हणजे भोकाभोकांचा, पांढऱ्या टिकल्यांचा, पहारीला दाद देणारा दगड. दोन थरांच्या मध्ये कधीतरी गेरूचा विटकरी पट्टा दिसतो. गेल्या उन्हाळ्यात गावातल्या एका जुन्या विहिरीचं खोलीकरण चाललं होतं, तेव्हा काठावर बसून मी हे सगळं पुन्हा ऐकलं. यारीचा दोर करकरत खाली जात होता, डबर भरून वर येत होता. शेजारी नाना बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी हेच काम केलं. आता गुडघे साथ देत नाहीत, पण कुणाचं खोलीकरण निघालं की मालक त्यांना आणून काठावर बसवतो. वर आलेला दगड हातात फिरवून ते सांगतात, अजून किती खाली जायचं.

"पानी दगडात नसतं पोरी," ते म्हणाले. "फटीत असतं. दगूड निस्ता राखन करतो."

मी तिथं गेले होते ते वेगळ्याच पाण्याच्या विचारात. पृथ्वीबाहेर कुठं जीव असेल का, या प्रश्नावर लिहायचं ठरवून वर्षभर वाचन चाललं होतं आणि पिशवीत मंगळावरच्या पाण्याबद्दलच्या एका शोधनिबंधाची छापील प्रत होती. त्या निबंधात जे बारा पानी गणित मांडलं होतं, त्याचा अर्धा अर्थ मला नानांच्या त्या एका वाक्यानं उलगडला.

नासाचं इनसाइट यान २६ नोव्हेंबर २०१८ रोजी मंगळावर उतरलं आणि डिसेंबर २०२२ पर्यंत तिथल्या जमिनीला कान लावून बसलं. चार वर्षांत त्यानं तेराशेहून जास्त मंगळकंप नोंदवले. सगळ्यात मोठा ४ मे २०२२ चा, ४.७ तीव्रतेचा. भूकंपाची लहर सलग खडकातून एका वेगानं जाते, भेगाळलेल्या खडकातून दुसऱ्या, आणि त्या भेगा पाण्यानं भरलेल्या असतील तर तिसऱ्याच वेगानं. हे वेग पडताळून वाशन राइट, मथायस मॉर्झफेल्ड आणि मायकल मांगा या तिघांनी ऑगस्ट २०२४ मध्ये मांडलं की, यानाच्या खाली साडेअकरा ते वीस किलोमीटर खोलीवर लाव्हापासून बनलेला, भेगांनी चिरलेला खडक आहे आणि त्या भेगांत द्रवरूप पाणी असावं. सगळ्या ग्रहाखाली अशीच स्थिती धरली, तर ते पाणी मंगळाला एक ते दोन किलोमीटर जाडीच्या थरानं झाकू शकेल. हा शेवटचा शब्द नव्हे. त्याच लहरींचा अर्थ कोरड्या खडकानंही लागतो असं म्हणणारे अभ्यासक आहेत. पण प्रश्न कुठं येऊन ठेपला आहे ते पाहा: दगड कसला, फटी किती, फटीत ओल की हवा. पारनेरच्या कुठल्याही विहिरीच्या काठावर हेच बोलणं चालतं.

त्याच यानाला एक खोदकामही करायचं होतं. चाळीस सेंटिमीटर लांबीची खुंटी स्वतःला ठोकत ठोकत पाच मीटर खाली जाणार होती. मंगळाच्या मातीनं तिला पकडच दिली नाही. जवळजवळ दोन वर्षं प्रयत्न करून, खुंटीचं डोकं जेमतेम जमिनीखाली गेल्यावर, जानेवारी २०२१ मध्ये तो नाद सोडावा लागला. साडेअकरा किलोमीटर तर पृथ्वीवरही सोपे नाहीत. रशियातल्या कोला इथं माणसानं पाडलेलं सर्वांत खोल भोक सव्वाबारा किलोमीटरचं आहे आणि त्याला दोन दशकं लागली.

"कुठंतरी पाणी मुरतंय" असं आपण संशयानं म्हणतो. मंगळाच्या बाबतीत ते अक्षरशः खरं असावं, आणि संशय घ्यायला जागा आहे ती इथंच. जीवसृष्टीच्या शोधाबद्दल आपल्याकडे जे छापून येतं, त्यात 'पाणी सापडलं' ही बातमी फार घाईनं येते. जणू पाणी सापडलं की काम झालं. दुष्काळी मुलखात वाढलेल्या माणसाचं तेवढ्यानं समाधान होत नाही. पाणी येणं वेगळं आणि पाणी राहणं वेगळं, हे आम्ही दर उन्हाळ्यात शिकतो. दुसऱ्या ग्रहांकडे पाहतानाही मला हाच प्रश्न खरा वाटतो: तिथलं पाणी किती काळ राहिलं, आणि जाताना कुठं गेलं?

आमचा नगर, म्हणजे आता अहिल्यानगर, जिल्हाच या प्रश्नाची शाळा आहे. पश्चिमेला अकोले तालुक्यात घाटघर, जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात त्याला. एखाद्या चांगल्या वर्षी तिथं पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस होतो. जवळच भंडारदऱ्याचं १९२६ मध्ये पुरं झालेलं दगडी धरण आहे, कळसूबाईचं १६४६ मीटरचं शिखर आहे, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आहे. तिथून पूर्वेला सरकत या. पारनेर, नगर, पाथर्डी, जामखेडला त्याच्या दहाव्या हिश्शाचाही भरवसा नाही. ढग तेच, वारा तोच, सूर्य तोच. मध्ये सह्याद्रीची एक रांग आडवी आली आणि एकाच जिल्ह्यात दोन ग्रह झाले. शुक्र, पृथ्वी आणि मंगळ ही तीन भावंडं एकाच सूर्याभोवती, एकाच काळात, बरीचशी सारख्याच मालमसाल्यातून घडली आणि तिघांच्या वाट्याला तीन तऱ्हा आल्या, याचं आम्हाला फार नवल वाटू नये.

याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला मी पूर्वी अनेकदा गेले आहे. या लेखाच्या निमित्तानं पुन्हा गेले. १९८९ पासून पोपटराव पवारांच्या पुढाकारानं त्या गावानं डोंगरउतारावर सलग समतल चर खणले, नाल्यांवर बांध घातले, शेतीसाठी बोअर घेणं बंद केलं, उसासारखी पाणीखाऊ पिकं टाळली. पवारांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली आणि गावाच्या गोष्टी सगळीकडे पोचल्या. पण माझ्या मनात दर वेळी घर करते ती एकच गोष्ट: पाण्याचा ताळेबंद. पावसाळा संपला की गाव बसून हिशेब करतं. किती पडलं, किती वाहून गेलं, किती उडून गेलं, किती मुरलं, आणि जे मुरलं त्यावर कुठली पिकं निघतील. हिशेब तुटीचा आला, तर पिकं बदलतात.

मंगळाचा असाच ताळेबंद गेली काही वर्षं मांडला जातो आहे. साडेतीन अब्ज वर्षांपूर्वी तिथं नद्या वाहत होत्या. त्यांची पात्रं, त्रिभुज प्रदेश, सरोवरांचा गाळ आजही दिसतो. आज तिथल्या हवेचा दाब आपल्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी आहे. उघड्यावर पाणी ओतलं तर ते गोठेल किंवा उकळून जाईल, वाहणार नाही. मग ते गेलं कुठं? ग्रहाच्या गाभ्यातलं चुंबकत्व विझलं, सौरवाऱ्यानं वातावरण खरवडून नेलं, त्याबरोबर पाणी अवकाशात उडालं, असं उत्तर बरीच वर्षं दिलं जाई. ते खोटं नाही. आपलं मंगलयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरलं, त्याच्या दोनच दिवस आधी पोचलेल्या मॅव्हेन यानानं ही गळती मोजली आहे. उरलेल्या पाण्यात जड हायड्रोजनचं प्रमाण पृथ्वीच्या पाचपटीहून जास्त आहे, म्हणजे हलका हायड्रोजन उडून गेला हे नक्की. पण २०२१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अभ्यासकांनी सगळ्या नोंदी जुळवल्या, तेव्हा नुसत्या उडण्यानं हिशेब लागेना. त्यांच्या मते मंगळाचं तीस ते नव्व्याण्णव टक्के पाणी जमिनीत, खनिजांच्या पोटात अडकलं आहे. तीस आणि नव्व्याण्णव यांतलं अंतर मोठं आहे, हे खरं. पण खर्चाच्या बाजूला 'मुरलं' हा रकाना ठसठशीत झाला, तो तिथून.

खनिजाच्या पोटात पाणी अडकतं म्हणजे काय, हे पाहायला आम्हाला मंगळावर जावं लागत नाही. राहुरीजवळ मोमीन आखाडा म्हणून गाव आहे. तिथल्या दगडाच्या खाणींतून निघालेले स्फटिक जगभरच्या संग्राहकांकडे पोचले आहेत: स्टिल्बाइट, अपोफिलाइट, मधाच्या रंगाचा पॉवेलाइट. आम्ही सगळ्यालाच गारगोट्या म्हणतो. शिर्डीहून सिन्नरकडे जाताना गारगोटी नावाचं संग्रहालय लागतं, तिथं हे वैभव काचेआड मांडलं आहे. एकदा मुलांना घेऊन जरूर जावं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थरावर थर साचत थंड झाला, तेव्हा त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढं लाखो वर्षं कोमट, क्षारयुक्त पाणी त्या पोकळ्यांतून झिरपत राहिलं आणि आतल्या भिंतींवर स्फटिक वाढवत गेलं. मांजऱ्यातल्या पांढऱ्या टिकल्या त्याच. त्यांतल्या झिओलाइट गटाच्या खनिजांच्या जाळीदार रचनेत पाणी राहतं. १७५६ मध्ये एका स्वीडिश खनिजतज्ज्ञानं असा दगड तापवला तर तो फसफसला, म्हणून त्यानं नाव ठेवलं 'उकळणारा दगड'. झिओलाइटचा ग्रीक अर्थ तोच.

मंगळाच्या निली फोसी या भागात कक्षेतल्या यानांनी अनाल्सिम हे झिओलाइट ओळखलं आहे. म्हणजे तिथंही खडकाच्या फटींतून कोमट पाणी पुरेसा काळ फिरलं होतं. त्या भागाच्या अगदी शेजारी जेझेरो विवर आहे. १८ फेब्रुवारी २०२१ पासून पर्सिव्हरन्स ही गाडी तिथं फिरते आहे आणि माझ्या मते आजवरच्या साऱ्या शोधातली सर्वांत गंभीरपणे घ्यावी अशी खूण तिथंच मिळाली आहे.

जुलै २०२४ मध्ये नेरेत्वा नावाच्या कोरड्या नदीच्या काठी त्या गाडीला मीटरभर लांबीचा एक तांबूस दगड दिसला. त्याला 'चेयावा फॉल्स' नाव दिलं. सरोवराच्या तळाशी बसलेल्या बारीक गाळाचा तो दगड, आणि त्यावर फिकट ठिपके, प्रत्येकाला गडद कड. शास्त्रज्ञांनी त्यांना बिबट्याचे ठिपके म्हटलं. अकोले-संगमनेरच्या उसात ज्यांनी बिबट्या पाहिला आहे, त्यांना ते चित्र बघताक्षणी पटेल. १० सप्टेंबर २०२५ रोजी त्याची सविस्तर तपासणी प्रसिद्ध झाली. ठिपक्यांच्या कडांना लोह आणि फॉस्फरसचं व्हिव्हियानाइट आहे, आतल्या भागात लोह आणि गंधकाचं ग्रेगाइट आहे, आणि आसपास सेंद्रिय कार्बन आहे. पृथ्वीवर चिखलातले सूक्ष्मजीव लोहावर आणि गंधकावर जगतात, तेव्हा अशीच खनिजं मागं राहतात. जीवाशिवायही ती होऊ शकतात, पण त्याला सहसा जास्त उष्णता किंवा आम्ल लागतं, आणि या दगडात त्याचा मागमूस दिसला नाही. शास्त्रज्ञांनी शब्द जपून वापरला: 'संभाव्य' जीवखूण. पुढचं उत्तर प्रयोगशाळेतच मिळेल. त्या दगडाचा नमुना गाडीच्या पोटात नळीत बंद आहे आणि तो पृथ्वीवर आणण्याची मोहीम पैशांपायी अडली आहे. याचं मला मनापासून दुःख होतं. इतक्या जवळ येऊन थांबायचं?

पण समजा पाणी खरोखरच खोल फटींत आहे. तिथं ना ऊन, ना हवा. जीव जगेल कशावर? या प्रश्नाचं एक उत्तर महाराष्ट्राच्या पोटातच मिळालं आहे, आणि आपल्याकडे त्याची चर्चा फार कमी झाली. कोयनेला ११ डिसेंबर १९६७ रोजी भूकंप झाला. तिथं पुढंही धक्के बसत राहिले, म्हणून ते समजून घेण्यासाठी भारत सरकारनं खोल छिद्रं पाडली. कऱ्हाडला त्यासाठी खास प्रयोगशाळा आहे आणि गोठणे इथलं छिद्र तीन किलोमीटर खोल गेलं. वर सुमारे सव्वा किलोमीटर आपला काळा बेसाल्ट, त्याखाली अडीच अब्ज वर्षांहून जुना ग्रॅनाइट. तिथल्या छिद्रांतून हजार-दीड हजार मीटर खोलीपर्यंतचे खडकाचे नमुने घेऊन आयआयटी खरगपूरच्या पिनाकी सार यांच्या गटानं २०१८ मध्ये दाखवलं की, त्यांत सूक्ष्मजीव आहेत. थोडे, पण आहेत. बेसाल्टमध्येही आणि ग्रॅनाइटमध्येही. उन्हाशी त्यांचा काही संबंध नाही. हायड्रोजन, मिथेन, कार्बन डायऑक्साइड, लोह, गंधक, असं खडक जे देईल त्यावर त्यांचा संसार. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया नदीकाठच्या बेसाल्टमध्येही असे जीव सापडले होते. लोहयुक्त बेसाल्ट आणि पाणी यांच्या संपर्कातून हायड्रोजन सुटतो आणि तोच त्यांचं अन्न होतो, अशी मांडणी तेव्हा झाली. तिच्यावर वादही झाले. कोयनेचा तो बेसाल्ट नगरच्या बेसाल्टचाच सख्खा भाऊ. नानांनी चाळीस वर्षं ज्या फटी उघडल्या, त्यांतून नुसतं पाणीच वर आलं असं मी आता म्हणणार नाही.

उन्हाशिवाय जीव जगतो हे एकदा मान्य केलं की, शोधाचं रिंगण एकदम मोठं होतं. सूर्यापासून दूर, गोठलेल्या उपग्रहांच्या पोटात समुद्र आहेत. गुरूच्या युरोपावर बर्फाच्या जाड कवचाखाली पृथ्वीच्या सगळ्या महासागरांच्या दुप्पट पाणी असावं. शनीचा एन्सेलॅडस तर जेमतेम पाचशे किलोमीटर व्यासाचा, मुंबई ते नागपूर अंतरापेक्षाही लहान, पण त्याच्या दक्षिण ध्रुवावरच्या भेगांतून पाण्याचे फवारे थेट अवकाशात उडतात. कॅसिनी यान त्या फवाऱ्यांतून उडत गेलं. त्याच्या नोंदींत २०१७ मध्ये हायड्रोजन दिसला आणि २०२३ मध्ये फॉस्फेट. म्हणजे खाली कोमट दगड आणि पाणी यांची गाठ पडत असणार. इथं पाणी बर्फाच्या झाकणाखाली राहिलं आहे, ग्रहाच्या भरतीओहोटीच्या ओढीनं ऊब टिकली आहे. माझं मत विचाराल तर, आज जिवंत काही सापडायचं असेल तर पैज मी मंगळापेक्षा एन्सेलॅडसवर लावेन. युरोपा क्लिपर १४ ऑक्टोबर २०२४ ला निघालं आहे, २०३० मध्ये गुरूपाशी पोचेल. सूर्यमालेबाहेरच्या ग्रहांची संख्या आता सहा हजारांवर गेली. त्यांतल्या सिंह राशीतल्या, १२४ प्रकाशवर्षं दूरच्या के२-१८बी या ग्रहावर जीवाशी निगडित वायूचा अंश दिसल्याचा दावा निक्कू मधुसूदन यांच्या गटानं एप्रिल २०२५ मध्ये केला. तीच निरीक्षणं तपासून इतरांनी तो मान्य केला नाही. त्यावर आत्ता मत बनवण्याची घाई नको.

घाई केली की काय होतं याचा धडा १९७६ चाच आहे. व्हायकिंग यानानं मंगळाच्या मातीत पोषक द्रव्यांचं पाणी टाकलं. क्षणात वायू सुटू लागला, जिवंत माती श्वास टाकते तसा. दुसऱ्यांदा पाणी टाकलं तेव्हा मात्र तसं झालं नाही, आणि मातीत सेंद्रिय पदार्थ दिसेनात. बहुतेकांनी निष्कर्ष काढला की हे निव्वळ रसायन. तो प्रयोग आखणारे गिल्बर्ट लेव्हिन अखेरपर्यंत म्हणत राहिले की जीव सापडला होता. २००८ मध्ये फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट क्षार मिळाले आणि जुन्या निकालांकडे पुन्हा पाहिलं जाऊ लागलं. डर्क शुल्झ-माकुख या शास्त्रज्ञांनी तर असं सुचवलं की, क्षारांनी हवेतून ओढलेल्या अंशभर ओलीवर जगणारा जीव तिथं असेल, तर आपण पाणी ओतून त्याला बुडवून मारला असेल. हे नुसतं अनुमान आहे. तरी ते वाचताना मला प्रवरेच्या कालव्याखालची क्षारपड रानं आठवली. तिथं पाणी कमी पडून नव्हे, जास्त होऊन जमिनी गेल्या. पिठूर पांढरा थर वर आलेल्या त्या रानात एकेकाळचे बागायतदार उभे राहतात तेव्हा बोलत नाहीत. जीवाला पाणी किती हवं हे त्या त्या जीवाच्या सवयीवर ठरतं.

मंगळावरचा एक सूर आमच्या शेजारीही ऐकू आला आहे. नगरहून कल्याण रस्त्यानं निघालं की भाळवणी, टाकळी ढोकेश्वर, मग आणे पठार, बेल्हे, आळेफाटा. पुढं नारायणगावजवळ खोडदला शेतांच्या मधोमध पंचेचाळीस मीटर व्यासाच्या जाळीदार छत्र्या आकाशाकडे तोंड करून उभ्या दिसतात. ही जीएमआरटी, गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली महाकाय रेडिओ दुर्बीण. अशा तीस छत्र्या पंचवीस किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. पत्र्याऐवजी तारेची बारीक जाळी ताणली आहे, म्हणून वारा आरपार जातो आणि सांगाडा हलका राहतो. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला इथं प्रदर्शन भरतं, तेव्हा आसपासच्या तालुक्यांतल्या शाळांची पोरं बस भरभरून येतात.

१९ ऑक्टोबर २०१६ च्या संध्याकाळी या छत्र्या नैऋत्येला वळल्या होत्या. युरोपचं शियापरेली हे छोटं यान त्या वेळी मंगळावर उतरत होतं. ज्या एक्झोमार्स मोहिमेचा तो भाग होता, तिचं कामच मंगळावर जीवाच्या खुणा शोधणं. उतरणाऱ्या यानाचा संदेश मंगळाभोवतीच्या यानांसाठी होता, पृथ्वीपर्यंत यावा असा त्याचा बेतच नव्हता. पण ज्या लहरींवर तो बोलत होता, त्या जीएमआरटीच्या हातातल्या. सतरा कोटी किलोमीटरहून जास्त अंतर कापून, जवळजवळ दहा मिनिटांच्या प्रवासानंतर, तो क्षीण सूर खोडदच्या शिवारात ऐकू आला. रात्री आठच्या सुमाराला यान मंगळाच्या हवेत शिरलं, हवाई छत्री उघडली, सूर चालूच होता. आणि जमिनीला टेकायला साधारण पन्नास सेकंद उरली असताना तो तुटला.

पुढं चौकशीत कळलं की, छत्री उघडताना यान इतकं गरगरलं की त्याचं डोलणं मोजणाऱ्या यंत्राची मर्यादाच संपली. त्या चुकीच्या आकड्यावरून संगणकानं हिशेब केला की आपण जमिनीच्या खाली पोचलो आहोत. त्यानं छत्री सोडून दिली, इंजिनं तीन सेकंद चालवून बंद केली आणि यान काही किलोमीटर उंचीवरून कोसळलं. त्याच मोहिमेतलं दुसरं यान आजही मंगळाभोवती फिरत वायूंची तपासणी करतं आहे. पण त्या संध्याकाळी एका यानाचे शेवटचे शब्द पृथ्वीवर प्रथम जिथं ऐकले गेले, त्या जागांत आपल्या शेजारचं खोडद होतं, हे माझ्या जिल्ह्यातल्या किती मुलांना ठाऊक असेल?

इतकं बारीक ऐकायचं तर आसपास शांतता लागते. पुणे-नाशिक रेल्वेचा जुना आखलेला मार्ग या दुर्बिणीजवळून जात होता. विजेवरच्या गाडीचा रेडिओ गोंगाट सोसणार नाही म्हणून तो बदलायचं ठरलं आणि नवी आखणी अहिल्यानगर-शिर्डीच्या बाजूनं होते आहे. संगमनेर-अकोल्याकडच्या लोकांना हातची रेल्वे गेल्याचं लागलं आहे, आणि त्यांचं लागणं खोटं नाही. पिढ्यान् पिढ्या वाट पाहिलेली गाडी होती ती. दुर्बीण हवी असं मला वाटतं. पण आकाश ऐकण्याची किंमत कुठल्या गावांनी मोजली, याची नोंदही दुर्बिणीच्या इतिहासात व्हावी असंही वाटतं.

या विषयावर मराठीत लिहायचं आणि जयंत नारळीकरांचं नाव घ्यायचं नाही, हे शक्य नाही. आमच्या गावच्या वाचनालयात त्यांची 'प्रेषित' होती, पानं सुटलेली. परग्रहावरच्या कुणाचा विचार मी पहिल्यांदा केला तो त्या पुस्तकामुळं. २० मे २०२५ रोजी ते पुण्यात गेले. त्यांनी नुसत्या कथा लिहून हा प्रश्न सोडला नाही. त्यांचे गुरू फ्रेड हॉइल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांचं म्हणणं होतं की, जीवाचं बीज अवकाशातून, धूमकेतूंच्या धुळीबरोबर पृथ्वीवर येतं. बहुतेक शास्त्रज्ञांनी ते मनावर घेतलं नाही. नारळीकरांनी विचारलं: वरची हवा तपासून तर पाहू. जानेवारी २००१ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २००५ मध्ये हैदराबादहून मोठे फुगे सोडले गेले. निर्जंतुक केलेल्या नळकांड्यांत एकेचाळीस किलोमीटरपर्यंतच्या उंचीवरची हवा कोंडून आणली. हैदराबादच्या सीसीएमबीत आणि पुण्याच्या एनसीसीएसमध्ये योगेश शौचे यांच्याकडे तिची तपासणी झाली. दुसऱ्या उड्डाणात बारा जिवाणूंच्या आणि सहा बुरशींच्या वसाहती वाढल्या. त्यांत तीन जिवाणू विज्ञानाला सर्वस्वी नवे. त्यांची नावं ठेवली जॅनिबॅक्टर हॉइली, बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि बॅसिलस आर्यभट्टाय. अतिनील किरणांना ते आपल्या जवळच्या भाऊबंदांपेक्षा जास्त टक्कर देत होते.

मार्च २००९ मध्ये हे जाहीर करताना इस्रोनं स्पष्ट म्हटलं की, यावरून हे जीव पृथ्वीबाहेरचे आहेत असं सिद्ध होत नाही. पुढच्या वर्षांत आर्यभट्टाय हा जिवाणू ठिकठिकाणच्या मातीत, पिकांच्या मुळांपाशी सापडत गेला. तेव्हा तो खालूनच वर गेला असावा, असंच मला वाटतं. नारळीकरांचा प्रश्न त्यानं लहान होत नाही. एकेचाळीस किलोमीटर उंचीवरचा कोरडा गारठा आणि किरणांचा मारा सोसून आपल्या रानातला एक जिवाणू तिथं टिकतो, हेही आपल्याला त्या फुग्यांमुळंच कळलं. जीव कुठं उगवतो हे कळायच्या आधी तो कुठवर तग धरतो, हे कळावं लागतं.

हे सगळं मी त्या दिवशी विहिरीच्या काठावर नानांना सांगितलं. जमेल तसं, तुकड्या तुकड्यानं. मंगळ त्यांना ओळखीचा होता. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं.

"किती खाली म्हनतात पानी?"

"साडेअकरा किलोमीटर. आपल्या मापानं सहा हजार परसांच्या वर."

ते बराच वेळ गप्प राहिले. खालून हाळी आली, यारी सुरू झाली, दोर ताठ झाला.

"दगूड कसला?"

"काळाच, नाना. आपल्यासारखा."

"फटी हायेत?"

"आहेत म्हणतात."

"मग आसंल," ते म्हणाले.

डबर वर आलं. त्यांनी हात घालून एक दगड काढला, उन्हात धरला, उलटा केला. एका अंगाला पांढऱ्या टिकल्या होत्या आणि त्या अंगाची धूळ बोटाला चिकटत होती. त्यांनी बोट माझ्यापुढं केलं. मग विहिरीत वाकून ओरडले, "आजून दोन हात!" आणि यारी पुन्हा खाली गेली.